व्हिडिओ कॉलमागची केशरी ज्वाळा: एवढा गॅस जाळतात तरी का?

गोदाई | सोमवार, रात्री ११.१०

नमस्कार मंडळी. मी इथे एरवी पाककृती आणि गच्चीवरच्या बागेच्या धाग्यांवर असते. तेलाबिलातलं मला ओ की ठो कळत नाही, पण आज राहवेना.

धाकटा गेल्या दिवाळीपासून इराकमध्ये बसऱ्याजवळच्या एका तेलक्षेत्रावर इन्स्ट्रुमेंटेशनचं काम बघतो. रात्री साडेदहाला व्हिडिओ कॉल ठरलेला. काल तो राहायच्या कंटेनरबाहेर उभा राहून बोलत होता आणि मागे आभाळ केशरी. मी म्हटलं, "अरे, तुमच्याकडे अजून सूर्य मावळला नाही?" तर म्हणतो, "आई, आठ वाजलेत इथे. ती फ्लेअर आहे." मोबाइल फिरवून दाखवला. उंच लोखंडी नळकांडं, टोकाला दोन मजली ज्वाळा, वाऱ्याने पार आडवी झालेली. घरघर एवढी की पोराचं बोलणं धड ऐकू येईना. तेलाबरोबर गॅस येतो, तो जाळतात म्हणे. चोवीस तास, बारा महिने.

त्याच सकाळी आमचा सिलिंडर संपला होता, तोही कुकरची एक शिट्टी झाल्यावर. शेजारच्या काकूंकडून उसना आणला. सिडकोत तिसऱ्या मजल्यावर सिलिंडर चढवायचे वेगळे पैसे मोजणारी बाई मी. ती ज्वाळा बघून पोटात कसंसंच झालं.

प्रश्न साधा आहे. आपण जपून जपून वापरतो तो गॅस तिथे आभाळात का पेटवतात? भरून का आणत नाहीत? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

मिसळ_आणि_पापड | रात्री ११.१८

प्रकाश त्यांनी आधीच टाकलाय की, तोही केशरी. (ह. घ्या.)

खुर्चीतला_प्रवासी | रात्री ११.३१

वाखुसा (वाचनखूण साठवली). जाणकार येईपर्यंत पॉपकॉर्न भाजतो. इंडक्शनवर.

बॉम्बेहाय_काका | मंगळवार, सकाळी ६.०५

गोदाईताई, समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर चौदा दिवस आणि घरी चौदा दिवस अशी नोकरी करून आता नाशिकरोडला निवांत आहे. सांगतो.

जमिनीखाली तेल प्रचंड दाबाखाली असतं आणि गॅस त्यात विरघळलेला असतो. यात्रेतला गोटी सोडा आठवा. गोटी दाबली की फस्सकन वर येतो, तसंच. विहिरीतून वर येताना दाब उतरतो आणि गॅस सुटतो. वर सेपरेटर नावाच्या टाकीत तेल, पाणी आणि गॅस वेगळे करतात. तेल पुढे जातं, पाण्याची वेगळी सोय असते, राहतो गॅस. याला आम्ही असोसिएटेड गॅस म्हणायचो. नुसत्या गॅसची विहीर असेल तर गिऱ्हाईक मिळेपर्यंत व्हॉल्व्ह बंद करून बसता येतं. इथे गॅस बंद करायचा म्हणजे तेल बंद करायचं, आणि तेल कोणी बंद करत नाही.

आपल्याकडेही हेच झालं. समुद्रातलं मुंबई हाय तेलक्षेत्र सापडलं १९७४ मध्ये, उत्पादन १९७६ ला सुरू झालं. सुरुवातीला तेल जहाजात भरून आणायचे. तेल जहाजात भरता येतं, गॅस तसा भरता येत नाही, मग जाळायचा. पुढे समुद्राखालून उरणपर्यंत पाइप पडले. तरी ऐंशीच्या दशकात बराच गॅस जळत होता, कारण किनाऱ्यावर घेणारे कमी. ट्रॉम्बे आणि थळचे खत कारखाने, उरणचं गॅसवरचं वीज केंद्र, मग हजिऱ्याहून उत्तरेकडे गेलेली एचबीजे पाइपलाइन, अशी गिऱ्हाइकं जोडली गेली तशी ज्वाळा बारीक होत गेली. शिवाय थोडा गॅस दाबून परत विहिरीत सोडतात, म्हणजे जड झालेलं तेल वर उचललं जातं. त्याला गॅस लिफ्ट म्हणतात.

उरणला याच गॅसमधून एलपीजी वेगळा काढतात. तेव्हा तुमच्या काकूंच्या उसन्या सिलिंडरमध्ये मुंबई हायचा एखादा घोट असेलही.

अवांतर: रात्री त्या उजेडाला खाली पाण्यात मासे गोळा व्हायचे. नवीन पोरं कठड्याला टेकून तासन्‌तास बघत बसायची.

निफाडचा_कांदा | सकाळी ७.४०

काकांनी छान सांगितलं. मी शेतकऱ्याच्या भाषेत सांगतो.

भाव पडला की आम्ही कांदा रस्त्यावर का ओततो? कांदा वाईट असतो म्हणून नाही. गोणी, मजुरी, टेम्पोचं भाडं, हमाली, तोलाई धरली की लासलगावला नेऊन विकण्यापेक्षा ओतणं स्वस्त पडतं म्हणून. टीव्हीवाले येतात, "अन्नाची नासाडी" म्हणतात आणि निघून जातात. त्या तेलवाल्याचंही तेच. गॅसचा भाव कमी, न्यायचा खर्च जास्त. ओतून दिला.

हरित_गोदा | सकाळी ९.१२

@निफाडचा_कांदा, उपमा लागू पडते पण अर्धीच. कांदा ओतला तर नुकसान तुमचं. गॅस पेटवला तर नुकसान आजूबाजूच्या गावाचं आणि सगळ्यांच्याच हवेचं, तेलवाल्याचं तेल विकून झालेलं असतं. ज्याचं काहीच जात नाही त्याला घाई कशाला असेल?

आकडा देते. जागतिक बँक उपग्रहाने रात्री दिसणाऱ्या ज्वाळा मोजून हिशेब काढते. २०२४ मध्ये जगभरात सुमारे १५१ अब्ज घनमीटर गॅस असा जळाला. रशिया, इराण, इराक, अमेरिका, व्हेनेझुएला, अल्जीरिया, लिबिया, मेक्सिको, नायजेरिया या नऊ देशांचा त्यात तीन चतुर्थांश वाटा. २०३० पर्यंत नेहमीचं फ्लेअरिंग शून्यावर आणायचा संकल्प २०१५ मध्येच सोडलाय. संकल्प सोडायला काय, गंगेवर रोज सोडतात लोक.

हिशेबनीस | सकाळी १०.०३

कागद-पेन्सिल घेऊन बसलो. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये जेवढी उष्णता, तेवढी साधारण १७ घनमीटर नैसर्गिक वायूत. १५१ अब्जाला १७ ने भागा, जवळजवळ ८८८ कोटी सिलिंडर. आपला अख्खा देश वर्षाला दोनशे कोटींच्या आसपास सिलिंडर वापरतो. म्हणजे चौपट.

लहान मापात सांगतो. दिवसाला दहा लाख घनफूट गॅस जाळणारी ज्वाळा तेलवाल्यांच्या लेखी किरकोळ असते. ती म्हणजे २८,३०० घनमीटर. रोजचे साडेसोळाशे सिलिंडर.

गोदाई | सकाळी १०.२०

रोजचे?? अहो हिशेबनीस, आता मला झोप लागायची नाही.

ह्यूस्टनकर_मूळ_पंचवटी | सकाळी ११.४५

निफाडच्या दादांना अमेरिकेतून दुजोरा. टेक्ससच्या पश्चिमेला पर्मियन नावाचं मोठं तेलक्षेत्र आहे. तिथल्या वाहा या गॅस खरेदी-विक्रीच्या केंद्रावर २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये गॅसचा भाव शून्याखाली गेला होता. विकणाराच पैसे देऊन सांगत होता, बाबा घेऊन जा. पाइपात जागाच नव्हती.

उलट नॉर्थ डकोटात एके काळी जवळपास तिसरा हिस्सा गॅस जळायचा. २०१४ मध्ये राज्याने टप्प्याटप्प्याची उद्दिष्टं ठरवून दिली, गॅस पकडला नाहीत तर तेलाचं उत्पादन कमी करा. कंपन्यांनी कुरकुर केली आणि प्रक्रिया केंद्रं बांधलीही. आता नव्वद टक्क्यांच्या वर गॅस पकडला जातो. नॉर्वेने तर १९७१ पासूनच उगाच जाळायला बंदी घातली.

मिसळ_आणि_पापड | दुपारी १२.३०

फुकट गॅस? पाइप टाकून आणा इकडे. नाही तरी सिंहस्थासाठी सगळे रस्ते खोदलेलेच आहेत.

पाथर्डीफाटा_पीडित | दुपारी १२.४१

खोदायचं नाव काढू नका. आमच्या कॉलनीत पाइप गॅससाठी चर खणला, बुजवला, पुन्हा खणला. मीटर बसून सात महिने झाले, गॅसचा पत्ता नाही. रोज त्या पिवळ्या पाइपावर पडदे वाळत घालते.

सातपूरकर | दुपारी ३.५०

"भरून का आणत नाहीत" याचं उत्तर अजून नीट कोणी दिलं नाही. आमचं फॅब्रिकेशनचं शॉप आहे, असल्याच गॅस प्लांटची व्हेसल्स, म्हणजे दाबाच्या टाक्या, बनवतो, म्हणून लिहितो. लांबण लागेल.

वर येतो तो गॅस एकजिनसी नसतो. बराचसा मिथेन, त्याबरोबर इथेन, प्रोपेन, ब्युटेन, थोडं पेट्रोलसारखं पातळ द्रव्य, वाफ, कार्बन डायऑक्साइड, आणि काही ठिकाणी हायड्रोजन सल्फाइड. तुमच्या सिलिंडरात असतं ते फक्त प्रोपेन-ब्युटेन. ते नुसत्या दाबाने पातळ होतं, म्हणून टाकीत भरता येतं. मिथेन साध्या तापमानाला कितीही दाबा, पातळ होत नाही. त्याला उणे १६२ अंशांपर्यंत गार करावं लागतं, नाही तर सीएनजीसारखं २०० बार दाबाने जाड नळकांड्यांत कोंबावं लागतं. म्हणून पाइप. आणि पाइपात सोडायच्या आधी त्याला अंघोळ घालावी लागते.

अंघोळ अशी. सेपरेटरमधून निघतो तेव्हा गॅसचा दाब कमी, म्हणून आधी कंप्रेसर. हायड्रोजन सल्फाइड असेल तर अमाइनच्या टॉवरमधून वर सोडायचा, वरून अमाइनचं पाणी खाली येतं आणि ते विष शोषून घेतं. मग ग्लायकॉलने वाळवायचा. ओला गॅस पाइपात सोडला तर पाणी आणि मिथेन मिळून बर्फासारखे गोळे होतात आणि लाइन चोंदते. तेही शून्याच्या वरच्या तापमानाला, ही गंमत. मग गार करून एलपीजी आणि जड भाग काढून घ्यायचा. उरतो तो मिथेन वीज केंद्राला, खत कारखान्याला.

आता खरं दुखणं. एका परदेशी गिऱ्हाइकासाठी आम्ही अमाइनचा टॉवर बनवला, अठरा मीटर लांब. असल्या गॅससाठी पोलादाची प्लेट वेगळी लागते, वेल्डिंगनंतर भट्टीत घालून ताण काढावा लागतो. हायड्रोटेस्टच्या दिवशी टॉवर पाण्याने गच्च भरला, दाब चढवला आणि आम्ही चौघं गेजच्या काट्याकडे डोळे लावून उभे. काटा हलला नाही. इन्स्पेक्टरने सही केली, पोरांनी पेढे वाटले. आणि त्यानंतर तो टॉवर आठ महिने आमच्या यार्डात आडवा पडून होता. का? तिकडे फाउंडेशन झालं नव्हतं, पाइपलाइनच्या जागेचा वाद चालू होता. कबुतरांनी नॉझलच्या झाकणावर घरटं केलं. शेवटी ट्रेलरवर चढला आणि रात्रीचा कसारा घाट उतरून बंदरात गेला.

त्या आठ महिन्यांत तिकडची तेलाची विहीर मात्र थांबली नव्हती. तेलासाठी सेपरेटर आणि टँकर एवढ्यावर भागतं. गॅसला कंप्रेसर, टॉवर, पाइप आणि पलीकडे घेणारा, सगळं एकाच दिवशी तयार लागतं. एक जरी मागे राहिला तरी ज्वाळा.

खुर्चीतला_प्रवासी | दुपारी ४.०२

सातपूरकर, या प्रतिसादाचा वेगळा धागा काढा. कबुतरांच्या अंड्यांचं काय झालं?

सातपूरकर | दुपारी ४.१०

वॉचमनने खोक्यात घालून शेडवर ठेवली. एक जगलं.

मळीवाला | सायंकाळी ६.२५

दिंडोरी भागात डिस्टिलरीत केमिस्ट आहे. तुम्ही बसऱ्याला पोचलात, मी तुम्हाला उसाच्या फडात आणतो.

पूर्वी साखर कारखान्याला मळी म्हणजे डोकेदुखी होती. साठवायला टाक्या नाहीत, उचलायला गिऱ्हाईक नाही. बगॅसचंही, म्हणजे उसाच्या चिपाडाचंही तसंच, बॉयलरमध्ये कसाही जाळून संपवायचा. मग ग्रिडला वीज विकायचे करार आले, इथेनॉलला ठरलेला दर मिळाला, आणि तेच कारखाने बगॅसचे ढीग ताडपत्रीखाली जपायला लागले. वस्तू तीच होती. घेणारा आणि भाव ठरला, एवढंच.

आमच्याकडेही एक छोटी फ्लेअर आहे बरं का. स्पेंटवॉशपासून, म्हणजे डिस्टिलरीच्या सांडपाण्यापासून, बायोगॅस होतो, तो बॉयलरला देतो. बॉयलर बंद पडला की गॅस थांबत नाही, टाकीतले जिवाणू काही शटडाउन घेत नाहीत. मग पेटवावा लागतो. तसाच सोडला तर त्यातल्या सल्फाइडने माणसं आडवी होतील. सडक्या अंड्याचा वास येतो तोवर ठीक, जास्त झाला की नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो. तेव्हा "वास गेला" म्हणून निर्धास्त होणारा माणूस धोक्यात असतो.

बॉम्बेहाय_काका | सायंकाळी ७.००

मळीवाल्यांचा मुद्दा महत्त्वाचा. फ्लेअर मुळात सुरक्षेसाठी असते. कंप्रेसर ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला, कुठे दाब वाढला, तर गॅसला बाहेर पडायला वाट लागते. म्हणून टोकाशी पायलट ज्योत कायम तेवत ठेवतात, देवघरातल्या समईसारखी. ती विझली तर बोंबाबोंब. चेंबूर-माहूलकडे रिफायनरीवर दिसते ती बहुधा हीच. तिच्यावर राग धरू नका. राग धरायचा तो रोजची सवय म्हणून जाळतात त्याच्यावर.

हरित_गोदा | रात्री ८.१५

काका, मान्य. पण ज्योत तेवते म्हणजे सगळं जळतं असंही नाही. फ्लेअर ९८ टक्के गॅस जाळते असं वर्षानुवर्षं गृहीत धरत. अमेरिकेतल्या तीन तेलक्षेत्रांवर विमानाने उडून मोजलं, २०२२ मध्ये तो अभ्यास छापून आला, तर प्रत्यक्षात ९१ टक्क्यांच्या आसपास निघालं, काही ज्वाळा विझलेल्याच असतात हे धरून. उरलेला मिथेन तसाच हवेत. आणि मिथेन वीस वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट तापवतो.

मळीवाल्यांचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. भाव आपोआप ठरला नाही, सरकारने ठरवला.

निफाडचा_कांदा | रात्री ८.४०

ताई, सरकारने भाव ठरवायचा म्हणता? आमच्या कांद्याचं सरकारने काय केलंय ते बघितलंय. निर्यात कधी बंद, कधी चालू. तेलवाल्यालाही तेच भ्या असणार. आज प्लांट बांधला, उद्या धोरण फिरलं तर?

हरित_गोदा | रात्री ८.४४

हे मात्र बिनतोड. घ्या, एक मुद्दा तुमचा.

क्रिप्टोकुमार | रात्री ९.०५

पाइपाची कटकटच नको. अमेरिकेत काही ठिकाणी विहिरीवरच जनरेटर ठेवून त्या विजेवर बिटकॉइन काढतात.

मिसळ_आणि_पापड | रात्री ९.०७

म्हणजे आधी गॅस हवेत जायचा, आता पैसे हवेत जाणार.

सातपूरकर | रात्री ९.३०

हसू नका, तत्त्व बरोबर आहे. गॅस नेता येत नसेल तर जागेवरच वीज करा आणि कॅम्पलाच द्या. अनेक तेलक्षेत्रांवर एकीकडे गॅस जळतोय आणि दुसरीकडे डिझेलचे जनरेटर धडधडतायत. मात्र विहीर म्हातारी होते तसा गॅस बदलतो. मोठा प्लांट बांधावा तर पाच-सात वर्षांनी अर्धा रिकामा, छोटा बांधावा तर सुरुवातीचा गॅस मावत नाही. म्हणून हल्ली स्किडवर, म्हणजे उचलता येणाऱ्या लोखंडी चौकटीवर, बसवलेली युनिट्स मागतात, एकीकडचं काम संपलं की उचलून दुसरीकडे. आमचा धंदा त्यावरच चाललाय.

दिब्रुगडला_बदली | रात्री १०.५०

लष्करी नोकरीतल्या नवऱ्यामुळे देवळालीहून थेट अप्पर आसाममध्ये आले, म्हणून भर घालते. इथे नामरूपचा खत कारखाना साठच्या दशकात अशाच गॅसवर उभा राहिला, गॅसवरचं वीज केंद्रही. लेपेटकाटाचा पेट्रोकेमिकल प्रकल्प २०१६ मध्ये सुरू झाला, त्याचं बीज १९८५ च्या आसाम कराराच्या वेळचं आहे. म्हणजे तीस वर्षं लागली. चहाच्या मळ्यांपलीकडे अजूनही रात्री एखादी ज्वाळा दिसते.

ह्यूस्टनकर_मूळ_पंचवटी | बुधवार, सकाळी ८.३०

जाता जाता, गोदाईंच्या बसऱ्याविषयी. इराक वर्षाला सतरा-अठरा अब्ज घनमीटर गॅस जाळतो आणि वीज पुरत नाही म्हणून वर्षानुवर्षं शेजारच्या इराणकडून गॅस विकत घेत आलाय. इराण स्वतः फ्लेअरिंगमध्ये वरच्या नंबरात. हातावर हात धरून मात्र बसलेले नाहीत. रुमैला, झुबैर आणि वेस्ट कुर्ना-१ इथला गॅस पकडायला बसरा गॅस कंपनी २०१३ पासून काम करतेय, त्यातून एलपीजीही निघतो.

गोदाई | शनिवार, रात्री ११.२५

सगळ्यांचे मनापासून आभार. धागा लेकाला पाठवला. त्याने सातपूरकरांचा प्रतिसाद कॅम्पातल्या पोरांना वाचून दाखवला म्हणे, दोघं मराठी आहेत तिथे, एक मालेगावचा.

आता बातमी. त्यांच्याकडे नवा कंप्रेसर बसवायचं काम चाललं होतं, मला तो काही बोलला नव्हता. गुरुवारी कॉल लागला तर मागे काळंकुट्ट. मी घाबरून विचारलं, "लाइट गेली का रे?" तर हसतोय नुसता. "आई, गॅस पाइपात गेला. नीट बघ, वर बारीक ज्योत दिसेल." मोबाइल डोळ्याशी नेला तेव्हा दिसली, काकांच्या समईएवढी. घरघरही नाही. पहिल्यांदा त्याचं बोलणं नीट ऐकलं, सर्दी झालीय त्याला.

काल रात्रीही अंधार होता.

आज परत केशरी. कंप्रेसर ट्रिप झाला म्हणाला, आणि जेवण अर्धं टाकून पळाला.

सातपूरकर | रात्री ११.४०

व्हायब्रेशनवर ट्रिप झाला की टेंपरेचरवर, विचारून सांगा. नवीन मशीनला पहिले काही दिवस हे चालायचंच.

गोदाई | रात्री ११.५२

विचारते. आधी आल्याचा काढा घ्यायला सांगते.